कांद्याची चाळ (साठवणीची शेड) कधी फोडायची? निर्यातीचं धोरण सारखं बदलतं त्याचं काय करायचं

पत्र :

दादा नमस्कार. मी चांदवड तालुक्यातली आहे. आम्हाला साडेचार एकर रान, विहीर आहे, शेततळं आहे पण एप्रिलला तळ दिसतो. तीन एकर कांदा असतोच, थोडा लाल (खरिपाचा) आणि बाकी उन्हाळ (रब्बीचा). २०२३ च्या डिसेंबरला लाल कांदा ट्रॉलीत भरलेला होता आणि निर्यातबंदी आली, रेट एकदम खाली. मग या वर्षी म्हणजे २०२५ ला ड्युटी वगैरे सगळं निघालं म्हणून आम्ही खूश, सगळा उन्हाळ चाळीत भरला, तर रेट वाढलाच नाही आणि खालचा माल सडला तो वेगळाच. आता मिस्टर म्हणतात कांदा बंद, सगळ्या रानात डाळिंब लावू. आबा म्हणजे सासरे म्हणतात कांदा सोडायचा नाही, एका वर्षी मारतो दुसऱ्या वर्षी देतो. घरात रोज हाच विषय. सरकार कधी काय करणार ते आधी कळायचा काही मार्ग आहे का? आणि माझे दागिने मोडून मोठी चाळ बांधावी का? उळं (कांद्याचं बी) टाकायची वेळ आली आहे, लवकर सांगा.

उत्तर :

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा हेच सांगतो की तुमच्या घरात तिघंही चुकीचं बोलत नाहीत, तिघांनाही एकाच गोष्टीचा त्रास झालाय, म्हणजे ज्या आठवड्यात सरकारने दार लावलं त्याच आठवड्यात तुम्हाला माल विकावा लागला. हे लक्षात आलं की पुढचं सोपं जाईल. कारण धोरण तुमच्या-माझ्या हातात नाही, पण आपलं घर कुठल्याही एका आठवड्याच्या रेटवर टांगलेलं राहू नये एवढं आपल्या हातात बऱ्यापैकी आहे. माझा सगळा सल्ला त्याच एका गोष्टीभोवती आहे, बाकी मक्याचं बोललो काय आणि सातबाऱ्याचं बोललो काय.

आता तुमचा पहिला प्रश्न, आधी कळतं का. तारीख कळत नाही. पण गेल्या काही वर्षांतल्या तारखा एकाखाली एक लिहून बघा, कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहिल्या तरी चालतील. २०१९ ला १३ सप्टेंबरला किमान निर्यात मूल्य लावलं, म्हणजे टनाला ८५० डॉलरच्या खाली माल बाहेर विकायचाच नाही, आणि २९ सप्टेंबरला सरळ बंदी, वर व्यापाऱ्यांना साठा मर्यादा. ती बंदी उठली १५ मार्च २०२० ला. त्याच वर्षी परत १४ सप्टेंबरला बंदी, ती उठली १ जानेवारी २०२१ ला. मग २०२३, १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी ८०० डॉलर किमान मूल्य, आणि ८ डिसेंबरपासून बंदी, जी आधी ३१ मार्चपर्यंत म्हणाले आणि नंतर पुढे ढकलली. ४ मे २०२४ ला बंदी काढली पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवलं. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य काढलं, शुल्क २० वर आणलं. आणि १ एप्रिल २०२५ पासून ते २० टक्केही गेलं.

यात काय दिसतं बघा. बंधनं येतात ती ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये. कारण तेव्हाच चाळीतला उन्हाळ संपत आलेला असतो, नवीन लाल अजून पुरेसा आलेला नसतो, त्यात पाऊस जास्त झाला की खरीप कांदा आणखी मागे जातो, आणि शहरात दसरा-दिवाळीच्या तोंडावर रेट वर जातो. देशाचा ७० टक्क्यांच्या आसपास कांदा रब्बीचा, म्हणजे आपल्या उन्हाळचाच, आणि तोच पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पुरवायचा असतो, त्यामुळे तो कमी पडायला लागला की दिल्लीत घाबरगुंडी उडते. १९९८ ला दिल्लीच्या विधानसभा निवडणुकीत कांद्याने सत्ता घालवली होती ते कुठलाच पक्ष विसरलेला नाही. आणि बंधनं बहुतेक वेळा सैल होतात ती मार्च ते मे मध्ये, नवीन उन्हाळ बाजारात ओतला जायला लागला की, किंवा मग मतदान जवळ आलं की. मे २०२४ ला ४ तारखेला बंदी उठली आणि दिंडोरी-नाशिकचं मतदान २० तारखेला होतं, आणि सप्टेंबर २०२४ ला जी ढील दिली त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी विधानसभा होती. मला याचा राग येतो हे मी लपवत नाही, पण राग बाजूला ठेवून त्याचा उपयोग करून घ्यायला पाहिजे.

दुसरं, बहुतेक वेळा हे पायऱ्यांनी येतं. आधी बफर स्टॉकचा, म्हणजे सरकारने घेऊन ठेवलेला कांदा शहरात स्वस्तात विकायला काढतात, मग शुल्क, मग किमान मूल्य, मग बंदी. २०२३ ला ऑगस्ट ते डिसेंबर सगळ्या पायऱ्या दिसल्या होत्या, २०१९ ला मधल्या दोन आठवड्यांत उरकलं, आणि २०२० ला मात्र एकही पायरी न दाखवता रातोरात बंदी आली, बंदरावर कंटेनर अडकले. म्हणून पायरी दिसेपर्यंत थांबू असं म्हणून सगळा माल अडकवायचा नाही, पण पहिली पायरी दिसली की त्याच आठवड्यात चाळीतला एक हिस्सा काढायचा हा घरातला नियम करून टाका, तेव्हा रेट वाढतोय म्हणून सगळेच थांबलेले असतात आणि आबाही म्हणतील अजून चढेल, तरी काढायचा.

आणि एक, व्हॉट्सॲपवर आलेलं खरं धरू नका. फेब्रुवारी २०२४ ला निर्यातबंदी उठली अशी बातमी आली, लासलगावला रेट एका दिवसात उसळला, आणि लगेच केंद्राकडून खुलासा आला की बंदी ३१ मार्चपर्यंत आहे तशीच आहे, की रेट परत खाली. ज्यांनी त्या एका दिवसात विकला ते सुटले आणि ज्यांनी बातमी ऐकून ट्रॅक्टर परत घरी नेला ते अडकले. परकीय व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना किंवा शुल्काचा विषय असेल तर अर्थ मंत्रालयाची अधिसूचना निघाली का एवढंच विचारायचं, गावातल्या एका तरी पोराला ती साइट बघता येत असेल, त्याला धरा.

आता या वर्षीचं, म्हणजे दार सताड उघडं असून रेट का नाही. हे समजून घेणं फार गरजेचं आहे कारण तुमच्याकडे तसं झालं आणि आजूबाजूला सगळीकडे तसंच झालंय, लोकांना वाटलं शुल्क गेलं म्हणजे रेट आलाच. निर्यात खुली होणं म्हणजे घेणारा उभा आहे असं नाही ना. आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश, त्यांनी आपल्याकडच्या दर वर्षीच्या बंद-चालूला कंटाळून स्वतःकडे लागवड वाढवली आणि स्वतःचा माल निघाला की ते आयात परवाने रोखतात. आखातात आणि श्रीलंकेत आपण बंदी घातली तेव्हा पाकिस्तान आणि चीनचा कांदा गेला, आणि एकदा गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जायला लागलं की ते परत यायला वेळ लागतो. वर या वर्षी रब्बीचं उत्पादनही भरपूर. म्हणून उन्हाळ्यापासून रेट हजार ते पंधराशेच्या घरातच घुटमळत राहिला. यातून तुम्ही घ्यायचं ते हे, की सरकारने चांगला निर्णय घेतला म्हणून क्षेत्र वाढवायचं नाही आणि वाईट घेतला म्हणून सगळं मोडायचं नाही. शुल्क निघालं ही बातमी तुमच्यासारखी लाखो घरांनी एकाच वेळी ऐकलेली असते, आणि सगळे एकाच वेळी चाळ भरतात.

चाळीचा हिशोब आता नीट करू, कारण तुमचा दागिन्यांचा प्रश्न यातच सुटतो. समजा मे महिन्यात क्विंटलला १५०० मिळत होते आणि तुम्ही विकला नाही. सप्टेंबरपर्यंत वजन घटतं, काही सडतं, काहीला कोंब येतात, आणि साध्या चाळीत चार-पाच महिन्यांत ३० ते ४० टक्के घट ही काही नवलाची गोष्ट नाही. १०० क्विंटल ठेवला आणि ३० टक्के गेला तर हातात ७० राहिला, म्हणजे मे महिन्यात जे दीड लाख आले असते तेच यायला सप्टेंबरला क्विंटलला २१४३ रुपये पाहिजेत. त्याच्या खाली जे काही मिळेल ते मे पेक्षा तोट्याचं, आणि यात निवडायची मजुरी, परत भरायची मजुरी, उसनवारीचं व्याज काहीच धरलेलं नाही. ३५ टक्के घट असेल तर २३०८ पाहिजेत. पण हीच घट २० टक्क्यांवर आणली तर १८७५ लाच तुमची बरोबरी होते. म्हणजे घट दहा टक्क्यांनी कमी करणं हे क्विंटलला पावणेतीनशे रुपये रेट वाढवून मिळण्यासारखं आहे, आणि त्यासाठी दिल्लीला कुणाला विचारायला लागत नाही. हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय कारण रेटवर आपण रोज तासभर बोलतो आणि घटीवर वर्षातून एकदाही बोलत नाही.

तर घट कमी कशाने होते. सुरुवात बियाण्यापासून, आत्ता उळं टाकताय तर साठवणीचाच वाण घ्या, एन-२-४-१ म्हणा, भीमा शक्ती, भीमा किरण म्हणा, राजगुरुनगरचं कांदा-लसूण संशोधन संचालनालय किंवा राहुरी विद्यापीठाचं बियाणं मिळालं तर उत्तम, नाहीतर घरचं पण खात्रीचं, आणि दुकानदाराने कुठलं तरी चकचकीत पाकीट पुढे केलं की घेऊ नका. लागवडीनंतर दोन महिने झाले की युरिया बंद, पात हिरवीगार दिसावी म्हणून शेवटपर्यंत युरिया टाकतात आणि तोच कांदा चाळीत आधी सडतो, मान जाड राहते आणि तिथूनच कूज सुरू होते. काढणीच्या आधी दोन-तीन आठवडे पाणी तोडायचं, निम्म्या माना पडल्या की काढायचा, शेतात तीन-चार दिवस असा ओळीत पसरायचा की पुढच्या ओळीच्या पातीने मागचा कांदा झाकला जाईल, ऊन थेट कांद्यावर नको. मग पात पिळून-कापून इंचभर मान ठेवायची, मुळापासून कापायची नाही, आणि सावलीत दहा-बारा दिवस ठेवून मग चाळ. चाळीत जोड कांदा, डेंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला), चिंगळी (अगदी बारीक), कापलेला, काहीच घालायचं नाही, तो माल काढल्याबरोबर विकून टाका. आणि ढीग चार-पाच फुटांच्या वर नको. तुमचा खालचा माल सडला लिहिलंय, बहुतेक ढीग उंच झाला असणार किंवा खालून हवा नसणार, तेवढं बघा.

मजूर मिळत नाहीत, पाऊस येईल म्हणून घाईत भरतो, हे मला माहिती आहे, मी निफाडचाच आहे, एप्रिल-मे मध्ये ढग दिसले की काय पळापळ होते ते बघतच मोठा झालोय. म्हणून तर म्हणतो की सगळाच माल चाळीत भरायचा हट्ट नको, जेवढा नीट सुकवता येईल तेवढाच भरा, बाकी शेतातूनच बाजारात.

विकण्याचं म्हणाल तर उन्हाळचे तीन-चार हिस्से करा. एक हिस्सा काढणीबरोबर, रेट कसाही असो, त्यातून मजुरी आणि खताच्या दुकानाची उधारी फेडायची म्हणजे डोक्यावरचं जातं. दुसरा जून-जुलैत, पोरांच्या शाळा आणि खरिपाच्या खर्चाला. तिसरा ऑगस्टमध्ये, पहिली पायरी दिसो न दिसो. आणि शेवटचा जो उरेल तो, म्हणजे सगळ्यात चांगला सुकवलेला, तो आबांच्या नशिबाचा, तो दसऱ्यापर्यंत ठेवा, चढला तर चढला. असं केलं तर सगळ्यात वरचा रेट तुम्हाला कधीच सगळ्या मालाला मिळणार नाही हे आधीच सांगतो, पण सगळ्यात खालचाही सगळ्या मालाला मिळणार नाही. गटातून किंवा शेतकरी उत्पादक कंपनीतून बफरच्या खरेदीला काही माल देता येतो, द्या, पण तिथलं पेमेंट खात्यात यायला उशीर होतो अशा तक्रारी असतात म्हणून ज्या पैशांवर घर चालायचंय तो माल तिकडे नको.

लाल कांद्याला यातलं काहीच लागू होत नाही. तो टिकत नाही, काढला की आठ-पंधरा दिवसांत विकायलाच लागतो, आणि तो बाजारात येतो नेमका ऑक्टोबर-डिसेंबरला, जेव्हा सरकारचा हात दोरीवर असतो. २०२३ ला चार हजारांच्या आसपासचा रेट पंधरा दिवसांत निम्म्यावर आला तेव्हा तुमच्याकडे थांबण्याचा पर्यायच नव्हता. म्हणून माझं स्पष्ट मत, लाल कांदा अर्धा-पाऊण एकराच्या वर नको, आणि त्यातही सगळी लागवड एकाच आठवड्यात नको. त्यात खरिपाच्या पावसाचा भरवसा राहिलेला नाही, करपा आणि पाण्यात बसलेला कांदा या वर्षी किती जणांनी पाहिला. आणि विमा म्हणाल तर २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झालाय, खरीप कांद्याला आता विमा रकमेच्या ५ टक्के हप्ता भरायचाय आणि भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे भागातल्या काही निवडक वावरांत किती पीक निघालं त्यावर, त्यामुळे तुमच्या एकट्याच्या वावरात पाणी बसलं तर त्याचा दावा तिथे चालत नाही. विमा काढू नका असं म्हणत नाही, पण पूर्वीसारखा तो गृहीत धरून जास्तीचा लाल लावू नका.

मग उरलेल्या रानात काय. मिस्टरांना डाळिंब लावायचंय, त्यांची तडफड मला कळते, पण सगळ्या रानात नको. पहिला बहार धरायला दोन-अडीच वर्षं जातात, तोपर्यंत घर कशावर चालणार, मर किंवा तेल्या रोग आला तर सगळी बाग एकदम जाते, आणि एप्रिलला तळ गाठणाऱ्या शेततळ्यावर साडेचार एकर फळबाग जगवणं अवघड आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पीक बदललं म्हणून धोरण पाठ सोडत नाही. विदर्भातल्या संत्रावाल्यांना विचारा, बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि त्यांचा माल इकडेच कोसळला, त्यात आपल्या सरकारचा निर्णय पण नव्हता. डाळिंब लावायचंच तर एक एकर लावा, मिस्टरांनी स्वतः सांभाळायचं, आणि तीन वर्षं त्यातून एक रुपया येणार नाही असं धरून.

खरिपात लाल कमी करून जी जागा निघेल तिथे मका किंवा सोयाबीन करा. त्यातही काही सोनं नाही, मक्याचा हमीभाव २०२५-२६ ला २४०० होता, सोयाबीनचा ५३२८, आणि २०२५ ला बाजारात दोन्ही त्याच्या खाली विकलं गेलं हे तुम्हीच बघितलंय. तरी मी ते सांगतोय कारण हा माल थांबवता येतो. वाळवलेला मका सहा महिन्यांत ३० टक्के सडत नाही. आणि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे ना, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठी ६ टक्क्यांनी मिळतं, त्यात सोयाबीन आहे, मका आहे, तूर-हरभरा आहे, पण कांदा नाही. हे लक्षात घ्या, कांद्यावर तुम्हाला असं तारण कर्ज सहसा मिळत नाही, म्हणून कांदेवाल्याला पैशांची गरज पडली की विकण्याशिवाय मार्ग नसतो. घरात थोडा तरी असा माल असावा की जो तारण ठेवून पोराची फी भरता येईल आणि त्या आठवड्यात चाळीला हात लावायला लागणार नाही. तुमच्या बाजार समितीत ही योजना सुरू आहे का ते आधी विचारा, काही ठिकाणी नावाला आहे, आणि गावच्या चार-पाच जणांनी मिळून विचारलं तर हलतात.

सोसायटीचं पीक कर्ज असेल तर मुदतीत, खरिपाचं म्हणजे ३१ मार्चच्या आत भरलं की व्याज सवलत, मुदत चुकली की ती गेली. म्हणजे मार्चमध्ये सगळेच पैशाला धावतात आणि रांगडा, म्हणजे उशिरा खरिपाचा कांदा तेव्हाच मातीमोल जातो. जानेवारीपासून थोडे थोडे बाजूला ठेवा, जमेल तसं.

कागदाचं आता, कंटाळवाणं वाटेल पण इथे पैसे गेलेत लोकांचे. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चला रेट पडले तेव्हा राज्याने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलं, २०० क्विंटलपर्यंत, म्हणजे एका शेतकऱ्याला ७० हजारांपर्यंत. आणि अट आली सातबाऱ्यावर कांद्याची नोंद पाहिजे, ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवर पिकाची नोंद पाहिजे. किती जणांच्या सातबाऱ्यावर कांदा नव्हताच, मागच्या वर्षीचं काहीतरी पडून होतं, नंतर समिती नेमून पाहणीने मार्ग काढला पण तोपर्यंत किती हेलपाटे. मदत कधी जाहीर होईल सांगता येत नाही आणि जाहीर झाल्यावर नोंद करता येत नाही. म्हणून दर हंगामात ई-पीक पाहणी, लाल वेगळा आणि उन्हाळ वेगळा, मोबाईलवर स्वतः करा, ॲप चालत नसेल तर गावच्या सहायकाकडून करून घ्या आणि फोटो ठेवा. शेतकरी ओळख क्रमांक म्हणजे फार्मर आयडी काढलाय ना, एप्रिल २०२५ पासून राज्याच्या योजनांना तो लागतोच. बाजार समितीची प्रत्येक हिशोबपट्टी एका पिशवीत जपून, त्या अनुदानाला तीच लागली होती.

आणि ताई, तुम्ही विचारलं नाहीत तरी बोलतो. रान आबांच्या नावावर असणार, आयडी त्यांचा, खातं त्यांचं, आणि उळं टाकण्यापासून चाळ निवडण्यापर्यंत राबताय तुम्ही. पुढे कधी वाटप होऊन मिस्टरांच्या नावावर आलं तर लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून विनाशुल्क लावता येतं, फक्त नवऱ्याचा अर्ज लागतो. तुमच्याच चांदवडला १९८६ ला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं, केवढ्या बायका आल्या होत्या त्याला, तुमच्या सासूबाई कदाचित गेल्याही असतील, विचारा. उद्या कुठल्या योजनेत, कर्जात, अनुदानात तुमचं नाव यायचं तर ते सातबाऱ्यावर असायला लागतं, आणि घरात कांदा ठेवायचा का काढायचा यात तुमच्या मताला वजन यायलाही.

आता दागिने. नका मोडू. तुमची आहे ती चाळ लहान पडली म्हणून नुकसान झालेलं नाही, नीट न सुकवता उंच भरल्याने झालंय, मग मोठी चाळ बांधून मोठं नुकसान होईल. या वर्षी आहे त्या चाळीची खालची बाजू जमिनीपासून उचलून हवा खेळती करा, बाजूला शेडनेट किंवा पाचटाची सावली करा सुकवायला, एवढ्याला दागिना मोडायला लागत नाही. चाळ बांधायचीच असेल तर महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या साइटवर अर्ज करा, अनुदान आहे, पण पूर्वसंमती पत्र हातात येईपर्यंत एक विटसुद्धा लावू नका, आधी बांधलेल्या चाळीला पैसे मिळत नाहीत आणि यात फार लोक फसलेत.

तर उळं टाका, दीड-दोन एकराच्या उन्हाळपुरतं, त्याच्या वर नको. आणि एक काम करा, मे महिन्यात चाळ भरताना एका कोपऱ्यात चार-पाच क्रेट वजन करून, चिठ्ठी लावून ठेवा, तसाच कांदा, त्याच चाळीत, आणि दर महिन्याला ते परत तोला. जुलैत किती राहिला, ऑगस्टला किती राहिला ते वहीत लिहा आणि त्या दिवशीचा लासलगावचा रेट शेजारी लिहा. आबा आणि मिस्टर दोघांनाही ती वही दाखवा, मग कधी काढायचा याचं भांडण आकड्यांवर होईल. आणि ते आकडे मलाही कळवा, खरंच, वाट बघतो.